मी कोण, हे कुणी सांगायचे?

स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत येत्या वेळी प्रथमच प्रत्येकाची जात नोंदवली जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने ३० एप्रिल २०२५ रोजी तसा निर्णय घेतला आणि १ मार्च २०२७ ही बहुतेक देशासाठी गणनेची संदर्भ-तारीख ठरली. प्रगणक दारात येईल, विचारेल आणि आपण सांगू ते लिहून घेईल. पुरावा मागणे हे त्याचे काम नाही. त्याच घरातला मुलगा अभियांत्रिकीच्या राखीव जागेसाठी अर्ज करतो, तेव्हा मात्र त्याच्या तोंडच्या शब्दाला काही किंमत नसते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद, वंशावळ, प्रतिज्ञापत्र असे सगळे बाड घेऊन समितीपुढे उभे राहावे लागते. माणूस तोच, जात तीच, सरकारही तेच. पण एका खिडकीवर त्याचा शब्द चालतो आणि दुसऱ्या खिडकीवर चालत नाही.

माणूस स्वतःला ज्या गटाचा मानतो आणि तसे जाहीर करतो, ते जाहीर करणेच ग्राह्य धरायचे, या तत्त्वाला आता स्व-ओळख म्हणतात. गेल्या काही वर्षांत हा शब्द मुख्यतः लिंगओळखीच्या चर्चेतून आपल्या कानावर आला, म्हणून तो नवा आणि परका वाटतो. प्रश्न मात्र जुना आहे आणि त्याचे काही महत्त्वाचे निवाडे नागपूर-भंडाऱ्याच्या मातीतले आहेत. भाषा, धर्म, जमात आणि लिंग या चार ठिकाणी हा वाद कुठवर आला आहे, ते इथे पाहू. जातीचा धागा या सगळ्यांतून जातोच.

मोजणीची सुरुवात

देशातली पहिली जनगणना १८७२ च्या सुमाराची. एकाच वेळी सर्वत्र झालेली पहिली गणना १८८१ ची. लोकांना विचारून जात लिहायची, असे आरंभीचे धोरण होते. १९०१ मध्ये जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावायचे ठरवले आणि चित्र पालटले. जातिसभांचे अर्ज येऊ लागले : आम्हाला अमुक नावाने नोंदवा, आमचा वर्ण तमुक लिहा. सांगितलेली ओळख नुसती माहिती न राहता दावा बनली, ती इथे.

मुंबई इलाख्यात कुणबी आणि मराठा यांच्यातली रेघ मुळातच पुसट होती. पूर्वी कुणबी म्हणून नोंदली गेलेली पुष्कळ कुटुंबे पुढच्या गणनांत मराठा म्हणून नोंद सांगू लागली. आज प्रवाह उलटा वाहतो आहे. २०२३ मध्ये नेमलेली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती जुन्या दप्तरांत ओबीसी आरक्षणाला पात्र ठरवणाऱ्या कुणबी नोंदी शोधू लागली आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठवाड्यासाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. ज्यांच्या पूर्वजांनी त्या काळी एक नाव सांगितले, त्यांचे वंशज दुसरे नाव कागदावर सापडते का ते पाहत आहेत. याला मराठा संघटना जुन्या हक्काची परतफेड म्हणतात, तर ओबीसी संघटना आपल्या वाट्यातला वाटेकरी म्हणतात. दोघांच्याही युक्तिवादात आज जिवंत असलेला माणूस स्वतःला काय म्हणवतो, याला दुय्यम स्थान आहे.

सर्व जातींची प्रसिद्ध झालेली शेवटची आकडेवारी १९३१ ची. त्यानंतर आला १९४८ चा जनगणना कायदा. त्याची दोन कलमे या चर्चेत नेहमी विसरली जातात. आठवे कलम म्हणते, की विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या माहितीप्रमाणे किंवा समजुतीप्रमाणे देणे बंधनकारक आहे. म्हणजे कायद्याला हवी आहे ती सांगणाऱ्याची समजूत. याच कलमात एक गमतीदार सवलत आहे : नवऱ्याचे नाव घेणे रूढीने वर्ज्य असेल, तर ते सांगण्याची सक्ती बाईवर करता येत नाही. पंधरावे कलम अधिक मोलाचे. जनगणनेच्या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत आणि त्या न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. आपण सांगितलेल्या शब्दाला सरकार इतका मान देते, तो या दुसऱ्या कलमाच्या जिवावर. त्या शब्दावर काहीच मिळणार नसते.

भाषा : सांगा काहीही, बेरीज आम्ही करू

२०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावे सांगितली. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषांच्या तक्त्यात त्या बसवल्या गेल्या. भोजपुरी सांगणारे पाच कोटींवर लोक त्या तक्त्यात हिंदीखाली गेले. आपल्याकडे अहिराणी मराठीत न धरता खानदेशी या वेगळ्या भाषेखाली धरली जाते, तर मालवणी कोकणीखाली. सिंधुदुर्गातल्या माणसाला यातले काय वाटते, हे कुणी विचारलेले नाही. स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क आहे, पण ती कुठल्या रकान्यात पडावी हे ठरवण्याचा नाही, अशी ही व्यवस्था आहे.

मातृभाषेचे उत्तर भाषेबद्दलच असते असेही नाही. फाळणीनंतरच्या पंजाबात घरात पंजाबी बोलणाऱ्या अनेक हिंदू कुटुंबांनी हिंदी नोंदवली. वाद इतका पेटला, की १९५१ मध्ये तिथले हिंदी-पंजाबीचे आकडे वेगळे काढलेच नाहीत. गोव्यात घरात कोकणी आणि देव्हाऱ्यात, वर्तमानपत्रात, नाटकात मराठी अशी दुपेडी भाषा असलेल्या घरांना एकाच रकान्यात उत्तर द्यावे लागले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय वापरासाठी मराठीलाही जागा ठेवली. गणनेच्या कागदावर अशी दोन दारे नाहीत.

धर्म : घोषणा पुरेशी की समाजाची साक्ष हवी?

या प्रश्नावर आपल्या न्यायालयांनी सर्वांत आधी आणि सर्वांत बारकाईने विचार केला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी एका महार उमेदवाराने अर्ज भरला. तो महानुभाव पंथात गेला आहे, म्हणून तो आता महार नाही, असे म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या निकालपत्राचे लेखक न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले. त्यांनी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या : जुना समाज त्या माणसाकडे कसा पाहतो, त्या माणसाचा स्वतःचा इरादा काय आहे, आणि नव्या पंथाचे नियम काय म्हणतात. या कसोटीवर उमेदवार महारच ठरला. पंथ बदलला तरी समाजाने त्याला आपला मानणे सोडले नव्हते आणि त्यानेही समाज सोडला नव्हता. स्व-ओळख इथे तिघांतला एक साक्षीदार आहे. निवाडा एकट्या तिच्यावर होत नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी नागपूरचे प्रकरण आले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरातल्या सामूहिक बौद्ध धर्मांतरानंतर राखीव जागेवरून निवडून आलेल्या एका आमदाराने बौद्ध धर्म स्वीकारला आहे की नाही, असा वाद होता. तेव्हाच्या आदेशानुसार बौद्ध व्यक्ती अनुसूचित जातीची राहत नसे. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की ज्यांना त्याच्याशी कर्तव्य आहे त्यांना कळेल अशा रीतीने माणसाने आपला धर्म जाहीर केला, की पुरे. दीक्षाविधी शास्त्राप्रमाणे झाला की नाही हे पाहण्याची गरज नाही. म्हणजे घोषणेला पूर्ण मान मिळाला, पण तो घोषणा करणाऱ्याच्या विरोधात. आमदारकी गेली. स्व-ओळख नेहमी माणसाच्या फायद्याचीच असते, या समजुतीला या निकालाइतका चोख उतारा दुसरा नाही.

या दोन निकालांच्या मधल्या सांदीत महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी जगली. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची नोंद जेमतेम अडीच हजारांची होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. स्व-ओळखीचा एवढा मोठा सामूहिक उच्चार देशाच्या जनगणनेत क्वचितच दिसेल. त्याची किंमतही होती. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात सुरुवातीला हिंदूंचा, १९५६ पासून शिखांचा समावेश होता. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. राज्य सरकारने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी आणि राखीव मतदारसंघासाठी कागदावर ‘हिंदू महार’ राहावे लागे. घरात बुद्धाची तसबीर आणि दाखल्यावर जुना धर्म, ही तारेवरची कसरत अनेकांनी केली. तिला अप्रामाणिकपणा म्हणणारे होते आणि व्यवस्थेने लादलेली दुहेरी नोंद म्हणणारेही होते.

ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांसाठी तोच प्रश्न अजून उघडा आहे. त्याचा विचार करायला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दुसऱ्या बाजूने, आचरण ख्रिस्ती असताना केवळ नोकरीसाठी हिंदू असल्याचे सांगणे ही राज्यघटनेची फसवणूक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्वारानी प्रकरणात म्हटले. काहीच न सांगण्याचा हक्कही या चर्चेत येतो. आपला कोणताही धर्म नाही, असे म्हणण्याची मुभा प्रत्येकाला आहे आणि सरकारी अर्जावर धर्म लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रणजित मोहिते प्रकरणात दिला. झारखंडातल्या आदिवासींची तक्रार याच्या उलट आहे. त्यांना धर्म सांगायचा आहे, पण रकाना नाही. २०११ मध्ये जवळजवळ ५० लाख लोकांनी ‘इतर’ या रकान्यात सरना असे लिहवले. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतंत्र संकेतांकाचा ठरावही केला.

जमात : ‘व्हॅलिडिटी’चा प्रदेश

महाराष्ट्रात हा विषय निघाला की ‘व्हॅलिडिटी झाली का?’ हा प्रश्न येतोच. जातीचा दाखला प्रांत अधिकाऱ्याकडून मिळतो, पण खरा निवाडा पडताळणी समितीचा. याचे मूळ १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात आहे. महादेव कोळी असल्याचा दावा करून शिक्षणाची सवलत घेतलेल्या कुटुंबाचे ते प्रकरण. दावा फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी पद्धत घालून दिली : प्रत्येक राज्यात तपासणी समिती, तिच्या हाताशी दक्षता पथक, आणि कागदांबरोबर अर्जदाराचे समाजाशी नाते तपासणारी चौकशी, जिला सगळे अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात. महाराष्ट्राने २००१ पासून यासाठी स्वतंत्र कायदाच लागू केला आणि सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला.

ही चाचणी प्रत्यक्षात कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. पथक घरी येते. कुलदैवत कोणते? लग्नात कोणते विधी होतात? मेल्यावर पुरतात की जाळतात? देवाचा मान कुणाकडे? बोलीतले शब्द सांगा, नाच कोणता ते सांगा. उत्तरे जुन्या मानववंशशास्त्रीय पुस्तकांतल्या वर्णनाशी ताडून पाहिली जातात. आजोबा डोंगर उतरून कल्याणला कारखान्यात लागले आणि नातू इंग्रजी शाळेत शिकला, तर त्याला यातले किती येणार? आणि ज्याला खोटा दावा करायचा आहे त्याला हे सगळे पाठ करायला कितीसे अवघड आहे? या दोन्ही शंका न्यायालयांनाही पडल्या. २०११ च्या आनंद काटोले निकालात आणि पुन्हा २४ मार्च २०२३ च्या आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. १९५० पूर्वीच्या कागदांना अधिक वजन द्यावे.

कागदाला वजन दिले की कागद नसलेल्याचे काय, हा पुढचा पेच. ज्यांच्या घरात शाळेची पायरी पहिल्यांदा चढणारी मुले आता आहेत, त्यांच्याकडे पन्नास सालापूर्वीचा दाखला कुठून येणार? आरक्षणाची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांचीच वंशावळ दप्तरात सर्वांत कमी सापडते.

तरीही आदिवासी संघटनांचा आग्रह कडक पडताळणीचाच आहे, आणि त्याला कारण आहे. नावातल्या साधर्म्याचा फायदा घेऊन बिगर-आदिवासींनी जागा बळकावल्या, ही त्यांची जुनी तक्रार. हलबा जमातीचे असल्याचा दावा करणाऱ्या कोष्टी विणकरांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००० च्या मिलिंद निकालात सांगितले, की यादीतली नोंद जशी आहे तशीच वाचायची. चौकशी करून तिच्यात कुणाला बसवायचे नाही. २०१७ च्या जगदीश बहिरा निकालाने दावा अवैध ठरल्यावर नोकरीलाही संरक्षण नाकारले. त्यानंतर राज्य सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये हजारो कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांवर वर्ग करण्याचा मार्ग काढला. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला हलबा म्हणवणाऱ्या नागपूरच्या विणकर कुटुंबाच्या दृष्टीने ही ओळख हिरावून घेणे आहे, आणि गडचिरोलीच्या हलबाच्या दृष्टीने ती परत मिळणे. दोन्ही बाजूंना आपली स्व-ओळख खरी वाटते. निकाल या भावनेवर झालेला नाही, तो यादीतल्या शब्दावर झाला आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा याच्या बरोबर उलट टोकाला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार स्व-ओळखीला मूलभूत निकष मानतो. भारताने आधीचा १०७ क्रमांकाचा करार मान्य केला होता. १६९ क्रमांकाच्या करारावर मात्र मोहोर उमटवलेली नाही.

लिंग : सर्वांत तरुण वाद

सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालाने लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे असे म्हटले आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा ठरवले. त्याच्या दोन वर्षे आधी अर्जेंटिनाने असाच कायदा केला होता. पारलिंगी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या आपल्या कायद्याने स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क शब्दांत मान्य केला, पण प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यायला लावले, आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखलाही मागितला. पारलिंगी कार्यकर्त्यांच्या मते हे दिलेले काढून घेणे झाले. सरकारी बाजू म्हणते, की कल्याणकारी योजनांसाठी काहीतरी कागद लागणारच. यावरचा वाद संसदेत आणि न्यायालयांत अजून शमलेला नाही.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकचे. तिथे एका पारलिंगी स्त्रीने महिलांसाठी राखीव प्रभागातून ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, तो छाननीत फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तिची स्व-ओळख मान्य करून अर्ज स्वीकारायला लावला. ती निवडूनही आली. जसानी खटल्याची कसोटी लावली तरी हा निकाल टिकतो, कारण पुढे गावानेही मतपेटीतून आपला कौल दिला.

परदेशात वाद अधिक ताणलेला आहे. स्कॉटलंडच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्व-घोषणेवर आधारित कायदा मंजूर केला. ब्रिटिश सरकारने महिन्याभरात तो अडवला. जर्मनीत असा कायदा नोव्हेंबर २०२४ पासून पूर्णपणे अमलात आला. विरोध करणाऱ्यांत सनातनी आहेत तसे काही स्त्रीवादी गटही आहेत. तुरुंग, आश्रयगृहे, खेळाच्या स्पर्धा अशा केवळ स्त्रियांसाठी असलेल्या जागांबद्दल त्यांचा आक्षेप आहे. समर्थकांचे उत्तर असे, की अशा थोड्या जागांसाठी वेगळे नियम करा, त्यापायी कोट्यवधींची रोजची कागदपत्रे अडवू नका.

ब्राझीलचा धडा

आपल्याला सर्वांत जवळचा अनुभव ब्राझीलचा आहे. २०१२ च्या कायद्याने तिथल्या केंद्रीय विद्यापीठांत कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी जागा राखल्या. वर्ण ठरवायचा तो स्वतःच्या घोषणेने. काही वर्षांतच गोऱ्या विद्यार्थ्यांनी जागा घेतल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनांनीच लावून धरल्या. मग अर्जदाराला समोर बसवून तो कसा दिसतो हे पाहणाऱ्या समित्या आल्या. सरकारी नोकऱ्यांसाठी अशी तपासणी करायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्यता दिली. निव्वळ स्व-घोषणेवर वाटप करण्याचा एवढा मोठा प्रयोग अखेर आपल्या पडताळणी समितीच्या धर्तीवर येऊन थांबला, हे नोंदवायला हवे. ऑस्ट्रेलियाने वंश, स्व-ओळख आणि समाजाची मान्यता अशी तिहेरी कसोटी वापरली. बोस यांच्या १९५४ च्या कसोटीशी तिचे साम्य लपत नाही.

कुठवर आलो, काय उरले

एक पक्ष म्हणतो, की माणसाची ओळख तपासायला दुसरा माणूस लायक नाही. तपासणीतच अपमान आहे. दुसरा म्हणतो, की गटालाही आपली सीमा राखण्याचा हक्क आहे, नाहीतर गट उरणारच नाही. सरकारी पक्षाचे म्हणणे साधे आहे : जागा मोजक्या, दावेदार अनेक. माझ्या मते यातला कोणताही पक्ष सगळ्या खिडक्यांवर टिकत नाही, आणि न्यायालयेही हळूहळू हेतू पाहून कसोटी बदलण्याकडे वळली आहेत. मोजायचे असेल तर शब्द पुरे, वाटायचे असेल तर पुरावा. पण लिंगओळखीत ही सोय तोकडी पडते, कारण तिथे वाटप नसतानाही प्रमाणपत्र मागितले गेले. आणि धर्मात तर शब्दच माणसाच्या विरुद्ध पुरावा झाला.

आंतरजातीय विवाहातल्या मुलांचे काय, हेही पुरते सुटलेले नाही. बापाची जात हे गृहीतक धरावे, पण आईच्या समाजात वाढल्याचा पुरावा असेल तर ते खोडता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नाईका प्रकरणात म्हटले. मात्र दोन्हींपैकी एकही नको म्हणणाऱ्याला तिथे उत्तर नाही. आणि मोकळ्या स्व-घोषणेची मोजणी तरी जमते का? २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी सांगितले तसे लिहिल्यावर देशात ४६ लाखांहून अधिक जातिनामे निघाली. १९३१ मध्ये ती ४,१४७ होती. २०११ मध्ये एकट्या महाराष्ट्रातच ४,२८,६७७ निघाली. स्पेलिंग, उपजात, आडनाव, गोत्र सगळे एकत्र झाले होते. ही माहिती केंद्रानेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर दिली. या वेळी यादी आधी बांधली तर यादीबाहेरचे दबतील, न बांधली तर पुन्हा तोच गुंता होईल.

यात एक गोष्ट आपल्या हातातली आहे. जनगणनेत सगळ्यांची उत्तरे बहुधा कुटुंबप्रमुखच देतो. सुनेची मातृभाषा, मुलीचा धर्म, भाच्याचे लिंग, सगळे त्याच्याच तोंडून. प्रगणक आला की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला बाहेर बोलवा आणि आपले उत्तर त्याचे त्याला देऊ द्या.